काचेवरची पट्टी

वेंडेल स्टॉडर्डने त्या हिवाळ्यात तेच पिस्तूल तिसऱ्यांदा माझ्या काउंटरवर आणून ठेवलं, तेव्हा मी त्याला तोंडावर म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"नोरीन, ठिपका दिसत नाही म्हणजे दिसत नाही. मी काय खोटं बोलतोय?"

"दोनदा बदलून दिला तुला. बाकीच्या दहा जणांना दिसतो. त्या थॅचरलासुद्धा दिसतो, ज्याला सकाळी स्वतःचे बूट सापडत नाहीत."

"थॅचरचं मला सांगू नकोस," वेंडेल म्हणाला आणि टोपीवरचा बर्फ त्याने माझ्या स्वच्छ पुसलेल्या फरशीवर झटकला. त्याच्या मागून मॅरिसोल आली. ती शेरीफच्या कचेरीतली सगळ्यात तरुण डेप्युटी, पण नेमबाजी शिकवायचं काम तिच्याकडे होतं. तिच्या हातात अर्धा खाल्लेला बुरिटो होता आणि चेहऱ्यावर 'आता तुम्हीच बघा' असा भाव होता.

आमच्या काउंटीत शेरीफचे अकरा डेप्युटी. जानेवारीत सगळ्यांच्या पिस्तुलावर रेड डॉट बसवायचं ठरलं. आधी पिस्तुलाच्या टोकाला लोखंडी माशी असायची, ती मागच्या खाचेत धरून नेम घ्यायचा. आता वर एक बोटभर रुंदीची काच आली. काचेत लाल ठिपका दिसतो, तो जिथे ठेवाल तिथे गोळी जाते. ऐकायला सोपं, पण जुन्या माणसांचा हात बसायला वेळ लागतो. मार्चअखेर परीक्षा होती आणि ती पास झाल्याशिवाय कुणाला गस्तीवर जाता येणार नव्हतं. दहा जण पास झाले होते. वेंडेल राहिला होता. बावीस वर्षं नोकरी झालेला, गावातला सगळ्यात जुना डेप्युटी.

पिस्तुलं माझ्या दुकानातून गेली होती आणि सराव चालायचा तो दुकानामागच्या माझ्याच रेंजवर, त्यामुळे तक्रार माझ्याकडे येणार हे उघड होतं. पण खरं सांगायचं तर वेंडेलचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती. आधी दोन वेळा त्याने पिस्तूल आणून ठेवलं, तेव्हा मी काही न तपासता नवा डॉट बसवून दिला होता. का, तर त्याच्याशी पाच मिनिटंसुद्धा बोलायला नको.

कारण ऑक्टोबरात वेंडेलच्या गाडीखाली माझा भाऊ आला होता.

आर्लो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नालबंद. या टापूतल्या निम्म्या घोड्यांचे खूर त्याच्या हाताखालून गेलेले. त्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो पशुखाद्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावर रस्ता ओलांडत होता आणि वेंडेल गस्तीच्या गाडीतून वळत होता. आर्लोचं खुब्याचं हाड मोडलं, मांडीत सळई घालावी लागली. घोड्याचा पाय मांडीवर घेऊन वाकणं कायमचं संपलं. बेचाळीस वर्षांचं काम एका वळणावर गेलं.

इस्पितळात शुद्धीवर आल्या आल्या आर्लोने एकच गोष्ट सांगितली आणि नंतर प्रत्येकाला तीच सांगितली. "मी पांढऱ्या पट्ट्यांवर होतो. वेंडेलने माझ्याकडे तोंड वळवलं. मी हात वर केला. आणि त्याने माझ्यावर गाडी घातली." वेंडेलचंही एकच म्हणणं होतं. रस्ता मोकळा होता, मी पाहिलं होतं, आर्लो अचानक पुढ्यात आला. शेजारच्या काउंटीची माणसं चौकशीला आली. आर्लोच्या पोटात दोन बाटल्या बिअर होती. अंगात काळा कोट होता. दोन आठवड्यांत कागदावर लिहून आलं की पादचारी अचानक रस्त्यात आला.

आता आमच्या गावात वेंडेल स्टॉडर्ड खोटं बोलतो असं कुणी म्हटलं तर लोक म्हणणाऱ्याकडेच संशयाने बघतील. या माणसाने एकदा स्वतःच्या सासऱ्याला वेगमर्यादा मोडली म्हणून दंड केला होता. तो इस्पितळात आला, आर्लोच्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहून रडला, आणि तरीही म्हणाला, "पण रस्ता मोकळा होता." मग खोटं कोण बोलतंय? गावाने उत्तर काढायला फार वेळ लावला नाही. दुकानात येणारी माणसं मला सहानुभूतीने म्हणायची, "बिअर वाईटच गं."

आणि मी? मी आर्लोच्या उशाशी बसून त्याला विचारलं होतं, "दोनच प्यायलास ना? नक्की?" त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून तो माझ्याशी हो-नाहीपुरतंच बोलत होता. मी दर रविवारी त्याला सूप नेऊन द्यायचे, तो डबा घ्यायचा, रिकामा डबा परत द्यायचा. माझ्या भावाचा शब्द गेला होता आणि तो बुडवणाऱ्यांत मीही होते. पण ते मला तेव्हा टोचत नव्हतं. मला वेंडेलचा राग येत होता आणि आर्लोचाही.

असो. त्या दिवशी मॅरिसोल सोबत होती म्हणून मला पळ काढता येईना. आम्ही तिघं मागे रेंजवर गेलो. नेमबाज उभे राहतात तिथे पत्र्याचं छप्पर आहे, पुढे सगळं उघडं. दुपारचं लख्ख ऊन बर्फावर पडलं होतं, बघवत नव्हतं.

मी गोळ्यांचं मॅगझिन काढलं, नळीवरची स्लाइड मागे ओढली, आत बोट घालून पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली. मॅरिसोलला दाखवलं, तिनेही बघितलं. मग काच उजेडात धरली आणि माझं डोकंच फिरलं.

"वेंडेल, काचेवर हे काय आहे?"

"तेल. पिस्तुलाला तेल लावतातच की."

"पिस्तुलाला लावतात. तू चष्म्याला लावतोस का?"

मॅरिसोल बुरिटोत तोंड लपवून हसली. काचेवर तेलाचा थर, त्यावर स्वेटरचे तंतू, आणि जिथून प्रकाश निघतो त्या बारीक भोकात चक्क कापसाचा बोळा. मी मऊ फडक्याने सगळं निपटून काढलं. छपराखाली भिंतीवर धरलं तर ठिपका स्वच्छ, गोल, लालभडक. उन्हातल्या बर्फावर धरला आणि ठिपका गेला.

"बघ!" वेंडेल म्हणाला. "बघ, गेला की नाही?"

गेला होता खरा. पण तेही कोडं नव्हतं. त्याने ठिपक्याचा उजेड आपोआप कमी-जास्त होणाऱ्या खुणेवर ठेवला होता. त्या खुणेवर यंत्राचा छोटा डोळा जिथे पिस्तूल असतं तिथला उजेड मोजतो. पिस्तूल सावलीत, म्हणून ठिपका मंद. लक्ष्य उन्हात, म्हणून मंद ठिपका त्यात विरून जाणार. मी बटण दाबून उजेड हाताने वाढवला आणि पिस्तूल त्याच्या हातात दिलं.

वेंडेलने बर्फाकडे धरलं.  त्याचे कान लाल झाले.

"हे पहिल्या वेळीच का नाही सांगितलंस?"

"पहिल्या वेळी तू थांबला होतास का?"

हे अर्धंच खरं होतं, पण मी ते तसंच ठेवलं. त्याला ठिपका कसा दिसतो तेही विचारलं. काहींना तो फाटलेला दिसतो, चांदणीसारखा, किंवा द्राक्षाच्या घोसासारखा, तेव्हा दोष डोळ्यात असतो. त्याला अगदी गोल दिसत होता. फोनने फोटो काढला, त्यातही गोल. "डोळे ठणठणीत आहेत तुझे," मी म्हटलं. हे माझेच शब्द, अगदी असेच.

मग त्याने गोळ्या भरून सहा बार काढले. सहाही बरोबर बसले, पण इतके सावकाश की परीक्षेत निम्मे मोजलेच गेले नसते. प्रत्येक वेळी पिस्तूल वर यायचं, तो काचेत टक लावून ठिपका शोधायचा, आणि डावा डोळा गच्च मिटायचा.

"वेंडेल, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे असतात," मॅरिसोल म्हणाली. "मी तुम्हाला पंधरा वेळा सांगितलं."

"बावीस वर्षं एक डोळा मिटून नेम धरलाय, पोरी. हात मोडला तरी सवय मोडत नाही."

"मग पट्टी लावू," ती म्हणाली.

ही पट्टीची युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. काचेच्या पुढच्या बाजूला काळी चिकटपट्टी लावायची. मग उजव्या डोळ्याला काचेत फक्त ठिपका दिसतो, पलीकडचं काही नाही. पण डावा डोळा उघडा असतो, त्याला लक्ष्य दिसत असतं. आणि डोक्यात दोन्ही चित्रं एकावर एक बसतात. पट्टी जणू नाहीशी होते आणि ठिपका थेट लक्ष्यावर तरंगायला लागतो. पहिल्यांदा करणारा माणूस, साठीचा असला तरी, हसतोच. मी हे शेकडो जणांकडून करून घेतलं आहे. कितीही घट्ट डोळा मिटायची सवय असली तरी एका दुपारी सुटते, कारण डावा डोळा मिटला की समोर नुसता काळोख.

मॅरिसोलने पिस्तूल पुन्हा रिकामं केलं, तिघांनी खात्री केली, मी नखाएवढी पट्टी कापून काचेवर लावली. वेंडेलने पिस्तूल वर केलं.

"हं?" मॅरिसोलने विचारलं.

"काळं. काळ्यावर लाल ठिपका."

"डावा डोळा उघडा."

"उघडाच आहे."

"वेंडेल."

"अगं उघडाच आहे! काचेत काळं दिसतंय, बाजूला हे छप्पर दिसतंय, खाली बर्फ दिसतोय. निशाणा काही दिसत नाही, तो पट्टीमागे गेला. जाणारच की. पट्टी लावलीये तुम्ही."

"पट्टी नाहीशी होईल," मी म्हटलं. "जरा धीर धर. निशाण्याकडे बघ, ठिपक्याकडे नको."

"निशाणा दिसला तर बघेन ना, बाई!"

मला हसू येत होतं. मला वाटलं, हट्टीपणा. बावीस वर्षांच्या सवयीने मिटतोय डोळा आणि कबूल करत नाहीये. मी त्याच्या डाव्या बाजूला गेले, हे सांगायला की अरे सोंगाड्या, मला दिसतंय.

डावा डोळा सताड उघडा होता. निळा, स्वच्छ, थंडीने जरासा पाणावलेला. सरळ समोर बघणारा.

 मी हात त्याच्या कानाजवळून हळूच पुढे आणला. त्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर बोटं हलवली. पापणी हलली नाही. मी हात आणखी जवळ नेला, इतका की मला त्याच्या पापणीचे केस मोजता आले असते. वेंडेल लक्ष्याकडे बघत पुटपुटत होता, "...नाही होत नाहीशी, मी सांगतोय तुम्हाला, नाही होत."

 मॅरिसोलने माझा हात बघितला होता. तिने बुरिटो बाकावर ठेवला.

"वेंडेल," मी म्हटलं, "पिस्तूल खाली ठेव."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. त्याने निमूटपणे स्लाइड मागे ओढून पिस्तूल फळीवर ठेवलं आणि माझा आवाज आला तिकडे वळला. आणि मी इतक्या जवळ उभी असलेली बघून दचकला. चांगला पाऊलभर मागे सरला. "तू कधी आलीस इथे?"

"उजवा डोळा हाताने झाक."

"का?"

"झाक रे."

त्याने तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला.  वारा पडला होता, छपरावरून वितळलेलं पाणी ठिबकत होतं, बाहेर ऊन रणरणत होतं.

"धुकं उतरलं का?" वेंडेल म्हणाला.

मॅरिसोलने तोंडावर हात दाबला. वेंडेलने हात काढला, समोर ऊन बघितलं, पुन्हा हात ठेवला. पुन्हा काढला. असं त्याने किती वेळा केलं मला सांगता येणार नाही. शेवटी त्याचा हात नुसता हवेत राहिला आणि तो आम्हा दोघींकडे असा बघत होता की जणू आम्हीच त्याचं काहीतरी उचलून नेलं.

"कधी झालं हे?" त्याने विचारलं. आम्हाला! आम्हाला काय ठाऊक? नोकरीला लागताना त्याचे डोळे तपासले होते, त्यानंतर बावीस वर्षांत कुणी तपासले नव्हते. आणि हा माणूस प्रत्येक वेळी नेम धरताना नेमका तोच डोळा मिटून घेत होता. एका डोळ्यातून हळूहळू, महिन्याला कणाकणाने उजेड जात होता आणि दुसरा त्याचं काम बिनबोभाट करत होता. ज्याचं त्यालाही कळलं नव्हतं. मला मात्र एकेक आठवायला लागलं. गेल्या उन्हाळ्यात त्याने माझी टपालपेटी गाडीने खरवडली होती, डावीकडची. कॉफी ओतताना कपाबाहेर सांडायची आणि सगळे त्याला 'म्हातारा' म्हणून चिडवायचे. मीसुद्धा.

वेंडेल बाकावर बसला. पहिल्यांदा त्याच्या तोंडून जे आलं त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. कुणाच्याही तोंडून आलं असतं.

"निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझी," तो मॅरिसोलला म्हणाला. "ही पट्टी परीक्षेत नाहीये. आहे का? नाहीये. मी उजव्या डोळ्याने पास होईन. ठिपका आता दिसतोय मला. तू काही पाहिलं नाहीस, पोरी. मी गुपचूप डॉक्टरकडे जातो, बघतो काय ते."

मॅरिसोल रडवेली झाली होती. "वेंडेल, तुम्ही गाडी चालवता," ती म्हणाली.

गाडी. तो शब्द ऐकला आणि रेंजवरचं सगळं माझ्या डोळ्यांपुढून पुसलं गेलं. मला दिसला तो पशुखाद्याच्या दुकानाचा कोपरा. संध्याकाळ. पांढऱ्या पट्ट्या. मी चार महिने तो कोपरा रोज डोक्यात उभा केला होता आणि दर वेळी त्यात आर्लो झोकांड्या खात रस्त्यात यायचा.

"त्या संध्याकाळी," मी म्हटलं, "तू कुठे वळत होतास?"

"कुठल्या संध्या..." वेंडेलने सुरुवात केली आणि तो थांबला. त्याचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. मी आयुष्यात माणसं मरताना बघितली आहेत, माझा नवरा माझ्या हातात गेला, पण असा चेहरा मी बघितला नव्हता.

"डावीकडे," तो म्हणाला.

त्याने मान डावीकडे वळवून बघितली.

"मी तिकडे पाहिलं होतं, नोरीन. शपथेवर सांगितलं मी. मान वळवून पाहिलं होतं."

"पाहिलं असशील."

"रस्ता मोकळा होता. मला मोकळा दिसला." मग अगदी हळू, "तो म्हणत होता ना, की मी त्याच्याकडे तोंड वळवलं?"

"हो."

"आणि त्याने हात वर केला?"

"हो, वेंडेल. हात वर केला."

त्याने डोकं गुडघ्यांत घातलं. मी फळीला धरून उभी होते. आर्लोने एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. वेंडेलनेही नाही. दोन खऱ्या माणसांतला एक आम्ही खोटा ठरवला होता, आणि कुठला, ते त्याच्या तोंडाला बिअरचा वास येतो यावरून ठरवलं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडायचं? मॅरिसोलने पिस्तुलाच्या काचेवरची पट्टी सोलून काढली आणि ती तिच्या बोटाला चिकटून बसली. ती झटकत होती, झटकत होती, निघत नव्हती.

शेवटी वेंडेल उठला. कमरपट्ट्यावरचा बिल्ला त्याने काढला आणि मॅरिसोलच्या हातात दिला. खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि मला दिल्या.

"घरी सोडू?" मी विचारलं.

"आर्लोकडे."

मी गाडी चालवली. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून तो उजवीकडे बसला होता, समोर बघत. मी त्याच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, घळाघळा रडत होते आणि त्याला पत्ता नव्हता. गावाबाहेरच्या वळणावर माझं नाक वाजलं तेव्हा कुठे तो म्हणाला, "तू रडतेस का?" मी नाही म्हटलं. पशुखाद्याच्या दुकानाचा कोपरा मी टाळला, लांबून गेले.

आर्लोच्या दाराशी त्याची ऐरण ताडपत्रीखाली पडली होती, वर हातभर बर्फ. त्याने दार उघडलं, काठीवर भार देऊन. मला बघून त्याने नेहमीसारखा सुपाचा डबा घ्यायला हात पुढे केला. मग माझ्यामागे वेंडेल दिसला आणि हात खाली गेला.

"काय हवंय?"

वेंडेलने टोपी काढली. "तू म्हणत होतास ते खरं होतं," तो म्हणाला. "सगळं. तू पट्ट्यांवर होतास. मी तुझ्याकडे तोंड वळवलं आणि तू मला दिसला नाहीस. माझा डावा डोळा गेलाय, आर्लो. मला आज कळलं. अर्ध्या तासापूर्वी. देवाशप्पथ, मला आज कळलं."

आर्लोने माझ्याकडे बघितलं. मी पट्टीची सगळी हकीकत सांगितली, धापा टाकत, पुढचं मागे करत. तो ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. माझं संपलं तेव्हा तो दारातून बाहेर आला, बर्फात, घरातल्या सपातांवर. काठी टेकत टेकत वेंडेलला वळसा घालून त्याच्या डाव्या खांद्यापाशी जाऊन उभा राहिला. आणि त्याने हात वर केला.

तळहात पुढे. थांब म्हणताना करतो तसा.

वेंडेल समोर दाराकडे बघत होता. टोपी दोन्ही हातांत धरून, आज्ञाधारक पोरासारखा. "आर्लो?" तो म्हणाला. "काहीतरी बोल ना."

आर्लोचा हात तसाच वर होता. त्याने तो खाली घेतला नाही. माझ्याच्याने बघवेना, पण मी बघितलं. चार महिने मी ते बघायला नकार दिला होता. शेवटी हात खाली आला आणि आर्लोने तो वेंडेलच्या पाठीवर ठेवला. वेंडेल जो दचकला!

"आत चल," आर्लो म्हणाला. "थंडी आहे."

स्वयंपाकघरात वेंडेलने उभ्या उभ्याच शेरीफला फोन लावला. चौकशीचे कागद पुन्हा काढा म्हणाला, माझा जबाब बदलायचाय म्हणाला, आणि पलीकडून काहीतरी समजावणी सुरू झाली तेव्हा म्हणाला, "नाही साहेब, उद्या नाही. आत्ता लिहून घ्या." मग तो टेबलाशी बसला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला.

आर्लो शेगडीपाशी होता. मी दाराजवळ कोट न काढता उभी होते. मला काहीतरी बोलायचं होतं. चार महिन्यांचं सगळं एका वाक्यात कसं बसवतात ते मला येत नव्हतं. मी म्हटलं, "आर्लो, मला माफ..."

"त्याला मी दिसलो नाही," आर्लो माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "ते समजलं मला. तुझं काय झालं होतं, नोरीन?"

मी कोटाची बटणं काढायला लागले आणि पुन्हा लावली. 

 त्याने फडताळातून दोन कप काढले, कॉफी ओतली, एक स्वतःसमोर ठेवला आणि दुसरा टेबलाला वळसा घालून वेंडेलच्या उजव्या हाताशी ठेवला.